जड नाव

२७ फेब्रुवारी, सोमवार

आज प्रयोगशाळेच्या दारावर पितळी पाटी लागली. ‘बिनडिस्क संगणक प्रयोगशाळा. संकल्पना व रचना : गुनार्सो, उपमुख्याध्यापक.’ चार स्क्रू. स्क्रू-ड्रायव्हर माझाच नेला होता.

आत चाळीस यंत्रं आहेत. एका बँकेने डिस्क काढून घेऊन भंगारात दिलेली. त्यांच्या पोटात काहीच नाही. बटण दाबलं की यंत्र केबलवरून विचारतं, मी कोण, माझा पत्ता काय. कोपऱ्यातला सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि मागोमाग यंत्र चालवणारी प्रणाली, लिनक्स, पाठवतो. दोन मिनिटांत चाळीस पडदे उजळतात. हे सगळं मी तीन वर्षं खपून एकटीने उभं केलं. त्या तीन वर्षांत पाक गुनार्सो, म्हणजे हेच उपमुख्याध्यापक सर, एकदाच आत आले होते, जास्तीचा पंखा आहे का विचारायला.

पाटी बघायला जिल्ह्याचे अधिकारी आले. एकाने माझ्याकडे बघून विचारलं, “आणि या बाई, या बू कोण?”

“या? यांच्याकडे किल्ल्या असतात,” पाक गुनार्सो म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसत्या माना डोलावल्या.

या शाळेत मला तेरा वर्षं झाली. ते वाक्य इथं उतरवून ठेवते आहे. आता विसरायची सोय राहिली नाही.

६ मार्च, सोमवार

सकाळी नऊ यंत्रं उठली नाहीत. बंद पडली म्हणावं तर तसंही नाही. लिनक्स अर्धं चढतं, मग काळ्या पडद्यावर एकच ओळ येऊन थांबते : गाटोत्काचा, असं नाव सापडत नाही.

गाटोत्काचा म्हणजे माझा सर्व्हर. भीमाचा मुलगा, आकाशातून उडणारा, पोलादी स्नायूंचा. म्हणून मी ते नाव ठेवलं होतं.

यंत्रं बंद करून पुन्हा लावली. चार उठली, पाच नाही.

७ मार्च, मंगळवार

आज आठ. कालची नव्हेत, दुसरीच. म्हणजे यंत्रांत दोष नाही.

पाक गुनार्सो आले. हातात म्बोक तुमिनाहच्या खानावळीतल्या गरम मेंदोआन भज्यांचा पुडा, वर हिरव्या मिरच्या.

“घ्या, बू पालुपी. सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही.”

“पोट भरलंय.”

“हे काय होऊन बसलंय हो? वीस तारखेला संगणकावरच्या परीक्षेची तालीम आहे. निरीक्षक स्वतः येऊन बसणार. चाळीसच्या चाळीस उठली नाहीत तर केंद्र जाईल आपलं. तीन एप्रिलला आपली एकशे सतरा पोरं ट्रकमधून अठरा किलोमीटर जायची, परक्या शाळेत, शेवटच्या पाळीला.”

पोरांचं त्यांनी सांगितलं. स्वतःचं नाही सांगितलं. मुख्याध्यापिका बू मुर्वानी जूनमध्ये निवृत्त होतात आणि खुर्चीवर यांचा डोळा आहे. तालीम बिघडली तर खुर्ची गेली.

“बघते,” मी म्हटलं.

दारात थांबून ते म्हणाले, “पाटीवर तुमचंही नाव घालणार होतो. कारागीर म्हणाला, दोन नावं मावत नाहीत.”

“दोन हात लांब आहे पाटी.”

“हो ना. मीही तेच म्हटलं त्याला.”

पुडा टेबलावर ठेवून गेले. मी तो तसाच म्बोक तुमिनाहच्या कोंबड्यांना घातला.

९ मार्च, गुरुवार

सापडलं.

अडकलेल्या यंत्रावरून सर्व्हरला आकडी पत्त्याने हाक मारली. ओ आली. नावाने हाक मारली, तर असं कुणी नाही. म्हणजे केबल ठीक, सर्व्हर ठीक. यंत्र नावाची चौकशी भलत्याच ठिकाणी करत होतं.

उठताना यंत्र दोनदा पत्ता मागतं. पहिल्यांदा बटण दाबल्यावर. तेव्हा ज्याच्याकडे लिनक्स आहे त्याचंच ते ऐकतं, आणि ते फक्त माझ्या सर्व्हरकडे आहे. दुसऱ्यांदा लिनक्स अर्धं चढल्यावर. या वेळी जो आधी बोलेल त्याचं खरं धरतं. त्याच्याकडून पत्ता घेतं आणि पुढे नावंही त्यालाच विचारतं. कुणीतरी दुसरं माझ्या जाळ्यात बसून पत्ते वाटत होतं. कधी सर्व्हर आधी बोलायचा, कधी ते. त्या दुसऱ्याला गाटोत्काचा ठाऊक नव्हता.

एकेक केबल उपटत गेले. सतरावी उपटली आणि तो गप्प झाला. सतरावी उपमुख्याध्यापकांच्या खोलीत जाते.

पाक गुनार्सो तासावर होते. खिडकीत त्यांचा पिंजरा, आत तो मुराई पक्षी. रविवारच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी त्याला दिवसभर दुसऱ्या पक्ष्यांची ध्वनिमुद्रणं ऐकवतात. ती इंटरनेटवरून यावीत म्हणून घरचा वायरलेस डबा आणून पिंजऱ्यामागे ठेवलाय, आणि माझी केबल त्याच्या पाठीत खुपसली आहे. तीही चुकीच्या भोकात. डब्याला वाटतंय, सगळं घर आपलंच आहे, आणि तो सगळ्यांना पत्ते वाटत सुटलाय.

डबा काढायला एक सेकंद लागला असता. हात पुढे गेलाही होता. मी तो मागे घेतला आणि जाऊन सतरावी केबल पुन्हा जोडली.

१० मार्च, शुक्रवार

वीस तारखेला सांगेन. निरीक्षकांसमोर. तोंडाने नाही सांगणार. केबल हातात धरून चालत जाईन, ते सगळे माझ्या मागून येतील, आणि केबल जिथं संपेल तिथं पिंजरा असेल.

दुपारी म्बोक तुमिनाह म्हणाली, “काय बू, आज एका मेंदोआनला पाच मिरच्या? कुणाला चावून खाताय?”

“कुणाला नाही.”

“मग मिरच्या परत द्या. भाव काय झालाय ठाऊक आहे का?”

सर्व्हरला नावाऐवजी आकड्याने हाक मारायला यंत्रांना शिकवलं तरी सगळी उठतील. पाच मिनिटांचं काम. हे मला ठाऊक आहे, हेही लिहून ठेवते.

१४ मार्च, मंगळवार

शिक्षकांची सभा. आज अकरा यंत्रं अडकली. पाक गुनार्सोंनी तीन कारणं सांगितली, तिन्ही चूक. ओलसर हवा हे त्यांतलं सगळ्यात बरं होतं.

बू मुर्वानींनी मला विचारलं, “पालुपी, त्या मोठ्या यंत्राचं नाव काय गं?”

“गाटोत्काचा, बू.”

“अगं, मग काय होणार! जड नाव आहे. पेलवत नाहीये त्याला. माझ्या भाच्याचं नाव ठेवलं होतं विस्नुमूर्ती. चार वर्षांचा होईपर्यंत ताप हटला नाही. नाव बदलून स्लामेट केलं, म्हणजे सुखरूप. आता ट्रक चालवतो, दोन बायका आहेत.”

“दुसरी नाव बदलल्यावर केली का?” चहा आणलेल्या म्बोक तुमिनाहने दारातूनच विचारलं. “आणि बदलताच आहात तर माझ्या फ्रीजचंही बदला. तोही तापतो.”

सगळे हसले. बू मुर्वानी नाही हसल्या. मीही नाही. सातव्या वर्षी मला विषमज्वर झाला. त्याआधी माझं नाव दुसरं होतं. लाल-पांढरं जेनांग, तांदळाची खीर, शेजाऱ्यांत वाटून आईने मला पालुपी केलं आणि मी उठले. यावर मला हसता येत नाही.

“शनिवार पाहिंग धरा,” बू मुर्वानी म्हणाल्या. “सात वारांतला शनिवार आणि जुन्या पाच वारांतला पाहिंग एकत्र, एवढा भारी दिवस दुसरा नाही. जड नाव तोच उचलून नेईल.”

पाक गुनार्सो लगेच म्हणाले, “मी स्वतः बदलतो नाव.”

खुर्ची द्यायची कुणाला हे बू मुर्वानींच्या शब्दावर ठरतं. जेनांगसाठी लागणारा ताडगूळही तेच आणणार आहेत.

मला वाटलं होतं, एक डबा पुरेल. आता ते स्वतःच्या हाताने दुसरा खड्डा खणणार आहेत. मी फक्त कुदळ द्यायची.

१८ मार्च, शनिवार पाहिंग

सकाळी दहा. सर्व्हरसमोर केळीच्या पानावर जेनांगच्या वाट्या, लाल, पांढऱ्या, आणि एक पांढऱ्यावर लाल ठिपका दिलेली. धर्मशिक्षकांनी प्रार्थना म्हटली. चाळीस यंत्रं चालू होती. अडकतील ती बंद करून उठेपर्यंत लावायची, हे काम सकाळभर मीच केलं.

पाक गुनार्सोंनी सर्व्हरसमोर बसून हळूच विचारलं, “बू पालुपी, याचं नाव कुठं लिहिलेलं असतं?”

मी ती जागा दाखवली.

“बस, एवढंच?”

“तुम्हाला याचं नाव बदलायचंय ना?”

“हो.”

“मग इथंच.”

त्यांनी गाटोत्काचा खोडून स्लामेट लिहिलं. एका बोटाने. टाळ्या झाल्या. चाळीसपैकी एकही पडदा हलला नाही. जी यंत्रं आधीच उठलेली आहेत त्यांना नव्या नावाशी देणंघेणं नसतं. पुढच्या वेळी बटण दाबल्यावर ती पुन्हा गाटोत्काचालाच शोधणार, कारण चाळिसांना पाठवायच्या लिनक्समध्ये तेच नाव आहे. आणि या नावाचं आता कुणीच नसणार.

त्यांनी एक जागा विचारली. मी एक जागा दाखवली.

“बघा, कसं शांत झालं,” बू मुर्वानी म्हणाल्या. मला दोन वाट्या दिल्या. मी दोन्ही खाल्ल्या. गूळ चांगला होता.

बारा वाजता सगळी यंत्रं बंद केली आणि कुलूप लावलं.

१९ मार्च, रविवार

धुणं धुतलं.

अजून वेळ आहे. शाळेत जाऊन दुसऱ्या जागीही नाव बदललं तर कुणाला कळणारही नाही. मग उद्या पडली तर आठ-दहाच पडतील, आणि डब्यापाशी जाता येईल.

नाही. आठ-दहा पडली तर ते म्हणतील, बाकीची तर उठली.

मी फार वेळ पडू देणार नाही. दहा मिनिटं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळतील, माझं नाव घेऊन मला बोलावतील, आणि मी उठेन. पाच मिनिटांत नाव सरळ करेन. मग केबल. पोरांचं नुकसान नाही. सगळं मोजलेलं आहे.

२० मार्च, सोमवार

साडेसातला पहिली पाळी आत. निरीक्षक मागच्या खुर्चीवर, बाजूला बू मुर्वानी. मी दाराशी स्टुलावर.

पाक गुनार्सोंनी हात वर केला. चाळीस बटणं एकदम दाबली गेली. दोन मिनिटांनी चाळीस काळे पडदे आणि चाळीस पडद्यांवर तीच ओळ.

मग एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, “पाक, मी काही नाही हो केलं.” तिच्या शेजारची म्हणाली, “मीपण नाही.” मग सगळीकडून तेच. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच बोटाने बिघडलं.

हे मी मोजलं नव्हतं.

पाक गुनार्सो सर्व्हरपाशी गेले. काहीतरी टंकलं. पुन्हा टंकलं. मानेमागे सदरा ओला झाला होता. मी घड्याळ बघत होते. चार मिनिटं. सात.

“किती वेळ लागेल?” निरीक्षकांनी विचारलं.

तेव्हा ते वळले. माझ्याकडे बघितलं, सरळ. मी स्टुलावरून हलले नाही. बू पालुपी, एवढंच म्हणायचं होतं त्यांनी. दोन शब्द. मी थांबले. त्यांच्या ओठांची हालचाल सुरू झालेली मी पाहिली. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं मला माहीत नाही. ते बघतच राहिले, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. कोडं सुटल्यासारखा.

ते निरीक्षकांकडे वळून म्हणाले, “दोष माझा आहे. शनिवारी मीच यात फेरफार केला.”

“रचनाही तुमचीच ना?”

“दारावर तसं लिहिलंय.”

निरीक्षकांनी फाईल मिटली. मी उभी राहिले. “पाच मिनिटं द्या. मी उठवते सगळी.”

“बसा, बू,” निरीक्षक म्हणाले. “हे बोलणं जबाबदार माणसाशी चाललंय.”

एक मिनिट मी जास्त थांबले. नाही, खरं लिहायचं तर ते मिनिट मला हवं होतं.

२२ मार्च, बुधवार

केंद्र गेलं. पोरं ट्रकने जाणार. पाक गुनार्सोंकडून परीक्षेचा कारभार काढून घेतला. खुर्चीचं आता कुणी बोलत नाही. पाटी सकाळी त्यांनीच उतरवली. स्क्रू-ड्रायव्हर मागायला माझ्याकडे आले नाहीत, सुरीच्या टोकाने काढली.

मला जे हवं होतं ते सगळं झालं आहे.

दुपारी ते आले. हातात पांढरा डबा, वायर गुंडाळलेला.

“हाही होता ना त्यात?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?”

मी डबा त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

“निरीक्षकांना मी तुमचं काही बोललो नाही,” ते म्हणाले. “उगाच तुमचं नाव कशाला त्यात.”

दहा वेळा मी हे वाक्य मनात म्हणून पाहिलं. उपकार केल्यासारखे बोलत होते. हरल्यावरही वरच बसायचं. म्बोक तुमिनाहला सांगितलं तर ती म्हणाली, “अहो, वाचवलं की त्यांनी तुम्हाला.”

“मला वाचवायला त्यांना सांगितलं कुणी?”

“बू, दोन दिवस झाले, तुम्ही माझ्याशी असं बोलताय जसं मीच काही केलंय.”

२९ मार्च, बुधवार

अहवालाची प्रत आली. बू मुर्वानींनी वाचायला दिली. चार पानं.

‘उपमुख्याध्यापक गुनार्सो यांनी रचलेली बिनडिस्क पद्धत परीक्षेसाठी अयोग्य ठरली. गुनार्सो यांची रचना एकाच सर्व्हरवर अवलंबून आहे. गुनार्सो यांची प्रयोगशाळा मोडून तेथे डिस्क असलेले नवे संगणक बसवावेत.’

चार पानांत त्यांचं नाव अकरा वेळा आलं आहे. माझं शोधलं. पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. एकदाही नाही.

पाटी फक्त दारावर होती. हे जिल्ह्याच्या कपाटात राहील. ही प्रयोगशाळा गुनार्सोंनी बांधली, हे आता सरकारी सत्य आहे. ते मी सिद्ध करून दिलं.

३ एप्रिल, सोमवार

पाच वाजता पोरं ट्रकमध्ये चढली. गणवेश मळू नयेत म्हणून फळीवर वर्तमानपत्रं पसरली होती. तालमीत रडवेली झालेली ती मुलगी मला बघून म्हणाली, “बू, आमच्यासाठी दुआ करा.” मी हो म्हटलं.

मग प्रयोगशाळा उघडली. नाव दुसऱ्या जागीही सरळ केलं. आणखी एका, तिसऱ्या जागी जुनं नाव राहिलं असतं तर पुन्हा अडलं असतं, तेही बदललं. पाच मिनिटं म्हटलं होतं, नऊ लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळीस बटणं दाबत गेले.

दोन मिनिटांनी चाळीसच्या चाळीस उठली. प्रत्येक पडद्यावर रिकामी चौकट, नाव लिहा म्हणून.

खुर्च्या रिकाम्या होत्या. मी शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. कुठंच दोष नव्हता. अकरा वाजेपर्यंत तशीच चालू ठेवली.

त्यांनी माझं नाव घेऊन बोलावलं असतं तर मी उठले असते. हे मी शपथेवर लिहू शकते. उठले असते का?

४ एप्रिल, मंगळवार

जिल्हा कार्यालयाला पत्र लिहिलं. तीन ओळी. ‘या शाळेतील बिनडिस्क प्रयोगशाळेची रचना मी केली आहे. ६ मार्चपासूनच्या बिघाडाचं कारण मला ९ मार्चला कळलं होतं, आणि नाव बदलल्याने काय होईल हे १८ मार्चला माहीत होतं. मी ते मुद्दाम सांगितलं नाही.’

बू मुर्वानींनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“हे पाठवलंस तर तुला इथं ठेवता येणार नाही मला.”

“माहीत आहे.”

“गुनार्सोची खुर्ची काही परत येत नाही यानं.”

“त्यांच्यासाठी नाही देत.”

“मग कशासाठी गं? सुटली होतीस की तू. कुणाला पत्ता नव्हता.”

“जावक वहीत नोंद करा, बू.”

त्यांनी चष्मा पुसला. मग वही ओढली, तारीख घातली, विषय लिहिला. पाठवणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं : संगणक प्रयोगशाळा. सवयीनं लिहिलं असेल.

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. ते दोन शब्द खोडले आणि त्यांच्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, रेत्नो पालुपी.